नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य, तरी माझे प्रवाळ फिके का पडताहेत?

निळाई | ८ जानेवारी, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. गोड्या पाण्यातल्या माशांवर इथे बरेच धागे आहेत, पण खाऱ्या पाण्याच्या, त्यातही प्रवाळांच्या टाकीवर मराठीत काही सापडलं नाही, म्हणून नवा धागा काढते.

आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. दीड वर्षापूर्वी ७५ गॅलनची टाकी मांडली. खालचा संप (पाणी गाळायची टाकी) धरून पाणी साधारण ३०० लिटर. रॉक, म्हणजे प्रवाळ बसवायचे दगड, सगळा कोरडा, पांढराशुभ्र विकत घेतला होता. मासे पाच: क्लाऊनफिशची जोडी, एक पिवळा टँग, एक रॉयल ग्रामा, एक ब्लेनी. प्रवाळांत दोन अक्रोपोरा, तीन मोंटिपोरा, एक हॅमर आणि थोडे झोआ. सगळे टाक्यांतच वाढवलेल्या वसाहतींचे तुकडे.

पहिले आठ महिने फॉस्फेट ०.२५ पीपीएमच्या (दशलक्षात भाग) खाली येत नव्हतं, नायट्रेट ३०. काच रोज हिरवी. मग मी कंबर कसली. माशांना एक दिवसाआड खाणं सुरू केलं. फॉस्फेट शोषणाऱ्या जीएफओची नळी लावली, संपमध्ये चेटो शेवाळ वाढवलं, फेसाबरोबर घाण काढणारा स्किमर मोठा घेतला, वर रोज थोडी व्होडका. नोव्हेंबरात दोन्ही आकडे शून्यावर आले. इतका आनंद झाला की टेस्टचा फोटो माहेरच्या ग्रुपवर टाकला.

त्यानंतर महिनाभरात मोंटिपोराचा रंग उडाला, अक्रोपोराची टोकं पांढरी पडली. वाळूवर आणि रॉकवर तपकिरी, शेंबडासारखे धागे आलेत, त्यांच्या टोकांना बुडबुडे. चार गोगलगायी मेल्या. अल्कलिनिटी (पाण्यातली कार्बोनेटं) ९.५ डीकेएच, कॅल्शियम ४३०, मॅग्नेशियम १३५०, तापमान २५.५ अंश. पाणी आरओडीआय फिल्टरने शुद्ध केलेलं, विरघळलेले क्षार (टीडीएस) शून्य.

शून्य आलं की जिंकलो, असंच सगळीकडे वाचलं होतं. चुकतंय कुठे?

---

तिखटमीठ | ८ जानेवारी, रात्री ११:४१

प्रवाळांचं नंतर बघू. रोज व्होडका?? आणि टँगला चढत नाही ना? :)

---

निळाई | ८ जानेवारी, रात्री ११:५५

@तिखटमीठ, ३०० लिटरला दोन मिलि, त्यामुळे सगळे शुद्धीत आहेत :) ती माशांसाठी नसते, जिवाणूंसाठी असते. जिवाणू त्यातला कार्बन खाऊन वाढतात, वाढताना पाण्यातलं नायट्रेट-फॉस्फेट ओढून घेतात आणि मग स्किमर त्यांना फेसाबरोबर बाहेर काढतो. व्हिनेगरनेही तेच काम होतं, फक्त व्होडकाच्या साधारण आठपट लागतं.

---

खारंपाणी | ९ जानेवारी, सकाळी ७:१०

सिंगापूरहून. अकरा वर्षं अक्रोपोरा ठेवतोय. शून्याला घाबरू नका. खऱ्या प्रवाळभिंतीवरच्या पाण्यात नायट्रेट ०.२ च्याही खाली असतं. माझ्या टाकीत नायट्रेट ०.५, फॉस्फेट ०.०१, आणि रंग बघाल तर बघत राहाल. तुमचा दोष अल्कलिनिटीचा आहे. इतक्या स्वच्छ पाण्यात ९.५ ठेवली की टोकं जळतात. समुद्राचं पाणी ७ च्या आसपास असतं. ७.५ वर आणा, पण हळूहळू, दिवसाला ०.५ हून जास्त उतरवू नका. बाकी काही बदलू नका.

---

मालवणी_मासो | ९ जानेवारी, सकाळी ९:३२

ताई, तुमच्या टाकीतलां पाणी आमच्या दर्यापेक्षा सोवळां दिसता. माशाक उपास, प्रवाळाक उपास, मगे ती जगतली कशी?

---

क्षारमित्र | ९ जानेवारी, सकाळी ११:०५

मालवणी_मासो यांनी दोन ओळींत निदान केलं आहे. मी जरा पसरून सांगतो.

आधी शून्याबद्दल. निळाई, फॉस्फेट तुम्ही हॅना कंपनीच्या फॉस्फरसवाल्या चेकरवर मोजत असाल, तर तो पीपीबीत (अब्जात भाग) फॉस्फरस दाखवतो. त्याला ३.०६६ ने गुणून हजाराने भागलं की फॉस्फेटचे पीपीएम येतात. १३ आकडा दिसला म्हणजे ०.०४. त्या यंत्राची अचूकता अधिक-उणे ५ पीपीबी आहे, म्हणजे पडद्यावर ० दिसलं तरी खरं पाणी ० ते ०.०१५ मध्ये कुठेही असू शकतं. खारंपाणी यांचं ०.०१ आणि तुमचं ० हे त्या यंत्रावर एकसारखेच दिसतील. मग त्यांची टाकी का बहरते आणि तुमची का नाही?

खारंपाणी, तुमच्याकडे मासे किती आणि दिवसातून किती वेळा खाणं?

---

खारंपाणी | ९ जानेवारी, दुपारी १२:१५

टाकी ६०० लिटरची. मासे एकवीस. खाणं ऑटोफीडरने पाच वेळा, शिवाय रात्री एकदा गोठवलेलं मायसिस (बारीक कोळंबीसारखे जीव).

---

क्षारमित्र | ९ जानेवारी, दुपारी १२:४०

हेच विचारायचं होतं. तुमच्याकडे दिवसभर माशांच्या कल्ल्यांतून अमोनिया आणि विष्ठेतून फॉस्फेट पाण्यात पडतंय आणि प्रवाळ ते तिथल्या तिथे उचलताहेत. प्रवाळांना नायट्रेटपेक्षा अमोनिया सोपा पडतो. उरतं ते स्किमर नेतो. आकडा कमी दिसतो तो खर्च झाल्यामुळे. निळाईंकडे आवकच बंद आहे. टेस्ट किट फक्त गल्ल्यात उरलेली रोकड मोजतं. दिवसभरात धंदा किती झाला ते त्यातून कळत नाही.

खऱ्या समुद्रातही असंच चालतं. भिंतीवरून चोवीस तास प्लवक वाहत येतं, माशांचे थवे रात्री प्रवाळांच्या फांद्यांत विसावतात आणि तिथेच विष्ठा टाकतात. २०१३ साली 'सायन्स'मध्ये कुरासाओच्या भिंतीवरच्या स्पंजांवर एक शोधनिबंध आला होता: प्रवाळ आणि शेवाळ पाण्यात सोडतात तो विरघळलेला सेंद्रिय माल स्पंज पितात, त्यांच्या पेशी झडतात, आणि त्या झडलेल्या कणांवर इतर प्राणी जगतात. काही वाया जात नाही. पाणी दिसायला रिकामं, पण त्यातून सतत जेवण फिरत असतं.

आता फिकेपणा. प्रवाळाच्या कातडीत सूक्ष्म शैवाल राहतं. तपकिरी रंग त्याचा. प्रवाळाची बरीचशी ऊर्जा त्याच्या प्रकाशसंश्लेषणातून येते. त्याला नत्र आणि फॉस्फरस मिळालं नाही तर ते कमी होतं, प्रवाळ फिका पडतो. त्याच वर्षी साउथॅम्प्टन विद्यापीठाच्या वीडेनमान आणि सहकाऱ्यांनी 'नेचर क्लायमेट चेंज'मध्ये दाखवलं की नायट्रेट भरपूर आणि फॉस्फेट मात्र नाही, अशा असंतुलनात प्रवाळ उष्णता आणि प्रकाशाला लवकर बळी पडून पांढरे होतात. म्हणून दोन्हींतला फॉस्फेटचा शून्य मला जास्त बोचतो.

अल्कलिनिटीबद्दल खारंपाणी बरोबर आहेत. ती उतरवाच. पण 'बाकी काही बदलू नका' याला माझा विरोध आहे.

---

सूक्ष्मदर्शी | ९ जानेवारी, दुपारी ३:२२

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. ते तपकिरी धागे आणि बुडबुडे वाचून काळजी वाटली. निळाई, ते शेवाळ नसावं, डायनोफ्लॅजेलेट (थोडक्यात डायनो, एकपेशी सूक्ष्मजीव) असावेत. कोरड्या रॉकची नवी टाकी आणि दोन्ही पोषकं शून्य, हीच त्यांची आवडती जागा. एरवी जागा अडवून ठेवणारं साधं हिरवं शेवाळ, डायटम (सिलिकाच्या कवचाचं एकपेशी शैवाल), जिवाणू उपाशी मरतात. डायनो तगतात, कारण त्यांतले बरेचसे प्रकाशसंश्लेषणाबरोबर दुसऱ्यांना खाऊनही जगतात.

घरच्या घरी चाचणी: थोडे धागे पाण्यासकट बाटलीत घ्या, जोरात हलवा, कॉफीच्या कागदी गाळणीतून गाळा. गाळलेलं पाणी दिव्याखाली तासभर ठेवा. त्यात पुन्हा गोळे किंवा धागे जमले तर डायनो. लालसर चादरीसारखे पापुद्रे निघत असतील तर तो सायनोबॅक्टेरिया, त्याचा उपाय वेगळा.

शाळेतल्या मुलांचा सूक्ष्मदर्शक मिळाला तर फारच उत्तम. ४०० पट वाढवून बघा. थेंबासारखा आकार, एक टोक निमुळतं, आणि त्या टोकाशी दोरी बांधल्यासारखा जागच्या जागी गरगर फिरत असेल तर ऑस्ट्रिऑप्सिस. लंबगोल, पुढे वाकडी चोच आणि मोकळा भटकणारा असेल तर अँफिडिनियम. हा भेद महत्त्वाचा आहे. ऑस्ट्रिऑप्सिस रात्री पाण्यात सुटतो, म्हणून यूव्ही दिव्याने मरतो. अँफिडिनियम वाळूतच राहतो, त्याला यूव्ही लागू पडत नाही. तिथे सिलिकेट घालून डायटमना उभारी द्यावी लागते.

गोगलगायी मेल्यात म्हणून माझा संशय ऑस्ट्रिऑप्सिसवर आहे. तो विषारी असतो. हातमोजे घाला, धागे सुकू देऊ नका, ब्रश मारून हवेत उडवू नका. २००५ मध्ये इटलीत जेनोवाच्या किनाऱ्यावर ह्याच ऑस्ट्रिऑप्सिसचा बहर आला, तेव्हा समुद्राच्या वाऱ्याने २०० हून जास्त माणसांना ताप-खोकल्याचा त्रास होऊन उपचार घ्यावे लागले होते.

---

गोगलगाय | ९ जानेवारी, दुपारी ४:०१

माझ्या चार बहिणींना श्रद्धांजली. निळाई, पाचवीला वाचवा!

---

आजोळ | ९ जानेवारी, संध्याकाळी ६:१८

मी पुण्यात असते. फोटो बघून मुलगी हट्टच धरून बसली आहे. आपल्याकडे असे प्रवाळ कुठे मिळतात? मालवणला पाण्याखाली बघितले होते, तिथून एखादा छोटा आणता येईल का?

---

मालवणी_मासो | ९ जानेवारी, संध्याकाळी ६:५०

नको ताई, नको. हे मी हात जोडून सांगतो.

एक तर तो गुन्हा आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, त्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून सगळे दगडी प्रवाळ आहेत. काळे प्रवाळ, समुद्रपंखे, अग्निप्रवाळसुद्धा. म्हणजे वाघाच्या पंगतीला. जिवंत काय नि मेलेला काय, दगडासारखा दिसणारा तुकडाही उचलायचा नाही. मालवणचं सागरी अभयारण्य तर १९८७ पासूनचं आहे.

दुसरं, मी लहानपणापासून ह्याच पाण्यात बुडी मारतो. उथळ पाण्यातले कितीतरी गड्डे माझ्या डोळ्यांदेखत गेले. कुणी नांगर टाकला, कुणी फोटोसाठी वर उभा राहिला. हाताच्या पंजाएवढा गड्डा व्हायला वर्षं लागतात. मुलीला घेऊन मालवणला या, मी स्वतः दाखवतो, वरून काचेतून. आणि तिला सांगा, विजयदुर्गाच्या पश्चिमेला भर समुद्रात शंभरेक किलोमीटरवर आंग्रिया बँक आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाची. वीसेक मीटर खोल पाण्यात प्रवाळांचं आख्खं पठार. आपल्या दारात एवढं आहे हेच पुष्कळांना ठाऊक नसतं.

---

क्षारमित्र | ९ जानेवारी, संध्याकाळी ७:२५

@आजोळ, मालवणी_मासो यांच्याशी शंभर टक्के सहमत. पुण्यात खाऱ्या पाण्याची टाकी जरूर करा, फक्त माशांची. आणि मासेही समुद्रातून पकडलेले नकोत, हॅचरीत जन्मलेले घ्या. क्लाऊनफिशची पैदास आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने यशस्वी केलेली आहे. पिल्लं हॅचरीत तयार होतात. मुलीला क्लाऊनची जोडी आणि चार रॉक एवढं पाच वर्षं पुरेल.

---

आजोळ | ९ जानेवारी, संध्याकाळी ७:४०

मनापासून धन्यवाद दोघांनाही. कायद्याचं खरंच माहीत नव्हतं. मे महिन्यात मालवण नक्की.

---

द्राक्षबाग | १० जानेवारी, पहाटे ५:५०

राम राम. मी तासगावचा, द्राक्षाची बाग आहे, समुद्राशी संबंध नाही. पण धागा वाचून राहवलं नाही. तुम्ही जे नायट्रेट-फॉस्फेट म्हणताय ते आमचं नत्र आणि स्फुरद. आणि निळाईताईंच्या टाकीचं दुखणं मला ओळखीचं वाटतंय.

आम्ही एप्रिल छाटणीनंतर ४५ दिवसांनी पानदेठ परीक्षण करतो. मातीत किती आहे त्यापेक्षा वेलीत किती गेलं ते बघायचं असतं. माती परीक्षणात आकडा बरा दिसतो आणि वेल उपाशी असते, असं होतं. उलटही होतं. तेव्हा क्षारमित्रांचं गल्ल्याचं म्हणणं मला पटलं.

दुसरी गोष्ट. आमच्याकडे काही रानं चुनखडीची. तिथे स्फुरद टाकला की चुना त्याला धरून बसतो, वेलीला मिळतच नाही. मग माणूस घाबरून आणखी टाकतो. तुमच्या टाकीत तो रॉक म्हणजे चुनखडीच ना? तर मला विचारायचंय, आता फॉस्फेट घालायला लागलात तर आधी तो रॉकच नाही का खाणार?

---

क्षारमित्र | १० जानेवारी, सकाळी ८:३०

द्राक्षबाग दादा, तुम्ही थेट मर्मावर बोट ठेवलंत. हो, तो रॉक म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. पाण्यात फॉस्फेट वाढलं की तो पृष्ठभागावर धरतो, पाण्यात कमी झालं की सोडतो. जीएफओ लावल्यावरही निळाईंचं फॉस्फेट शून्यावर यायला नोव्हेंबर का उजाडला, त्याचंही हे एक कारण असू शकतं: जीएफओ पाण्यातून काढत होता आणि रॉक आपल्या पोटातलं परत देत होता. आता रॉक रिकामा झालाय. आज ०.०५ घाला, उद्या ०.०१ दिसेल. घाबरून दुप्पट करायचं नाही. रोज मोजायचं, रोज तेवढंच भरायचं. एक दिवस रॉकचं पोट भरतं आणि आकडा टिकायला लागतो. त्या दिवशी डोस लगेच कमी करायचा, नाहीतर पुन्हा ०.२५ ची वाट.

निळाई, माझा सल्ला असा. जीएफओ आजच काढा. व्होडका आठवडाभरात उतरवत बंद करा. चेटोचा दिवा सहा तासांवर आणा. स्किमर चालू राहू दे, त्याने हवा मिळते. माशांना रोज दोनदा पोटभर जेवण. टँगला नोरी (वाळवलेलं समुद्री शेवाळ) द्या. बिचारा एक दिवसाआड जेवणारा मासाच नाही, तो दिवसभर चरणारा आहे.

एवढ्याने आकडा उठला नाही तर वरून घाला. खाण्याच्या दर्जाचं सोडियम नायट्रेट ४१ ग्रॅम, एक लिटर आरओडीआय पाण्यात. ह्यातलं १० मिलि तुमच्या ३०० लिटरला १ पीपीएम नायट्रेट देतं. दुसऱ्या बाटलीत खाण्याच्या दर्जाचं निर्जल डायसोडियम फॉस्फेट ०.४५ ग्रॅम, एक लिटरला. त्याचं १० मिलि म्हणजे ०.०१ पीपीएम फॉस्फेट. बाटल्यांवर मोठ्या अक्षरांत नाव लिहा आणि स्वयंपाकघरापासून लांब ठेवा. लक्ष्य: नायट्रेट ५ ते १०, फॉस्फेट ०.०५ ते ०.१.

---

खारंपाणी | १० जानेवारी, सकाळी ९:४५

पावडरी ओतण्याला माझा अजूनही विरोध आहे. खाणं वाढवा, मासे वाढवा, त्यातून नत्र-स्फुरद आपोआप येईल, सोबत अमिनो आम्लं आणि सूक्ष्म द्रव्यंही येतील. बाटलीतून आलेल्या नायट्रेटमध्ये नायट्रेटशिवाय काही नसतं. आणि नायट्रेट-फॉस्फेटचं प्रमाण १६ ला १ असं ठेवा, रेडफिल्डचं. ते बिघडलं की सायनो येतो.

---

क्षारमित्र | १० जानेवारी, सकाळी १०:२०

खाण्याबद्दल मान्य, म्हणून तर ते आधी लिहिलं. पण आज त्यांच्याकडे ऑस्ट्रिऑप्सिस असेल, तर मासे वाढवून, क्वारंटाइन करून, दोन महिन्यांनी आकडा उठण्याइतका वेळ नाही. पावडर ही सलाईन आहे. रुग्ण जेवायला लागला की काढायची.

रेडफिल्डबद्दल मात्र थांबतो. आल्फ्रेड रेडफिल्डने १९३४ मध्ये मांडलेलं प्रमाण प्लवकाच्या शरीराचं आणि खोल समुद्राच्या पाण्याचं आहे, आणि ते अणूंच्या संख्येत आहे. पीपीएममध्ये आणलं तर नायट्रेट-फॉस्फेट साधारण १०.४ ला १ येतं, १६ नव्हे. त्या हिशेबाने नायट्रेट ५ ला फॉस्फेट जवळपास ०.५ लागेल. कुणी ठेवतं का? तो आकडा टाकीच्या काचेवर चिकटवण्यासाठी नाहीच. दोहोंतलं एकही संपू नये, एवढाच बोध घ्यावा.

---

पोपटी_कौलं | १० जानेवारी, सकाळी ११:३०

इतके दिवस वाचनमात्र होते, आज लिहिते. टोरांटो. माझ्याकडे नायट्रेट ४०, फॉस्फेट ०.३ गेली चार वर्षं. हॅमर, टॉर्च, मश्रूम, झोआ सगळे फुललेले. काच एक दिवसाआड पुसते. अक्रोपोरा तेवढे टिकले नाहीत. तेव्हा लक्ष्य प्रत्येकाच्या टाकीचं वेगळं. माझा अनुभव एवढाच की आकडा झटकन हलवला तेव्हाच नुकसान झालं. एकदा फॉस्फेट खाली बसवणारं लँथनम क्लोराइड घालून एका दिवसात फॉस्फेट ०.३ वरून ०.०५ वर आणलं, आठवड्यात दोन टॉर्च गेले. ते अजून मनाला लागून आहे.

---

क्षारमित्र | १० जानेवारी, दुपारी १२:०५

@पोपटी_कौलं, छान केलंत लिहिलंत ते. ग्रेट बॅरियर रीफवर वन ट्री आयलंडला १९९० च्या दशकात मोठा प्रयोग झाला होता. लहान लहान भिंतींभोवतीच्या पाण्यात मुद्दाम नत्र आणि स्फुरद सोडत राहिले. भिंती शेवाळाखाली बुडून जातील ही भीती खरी ठरली नाही. पण फॉस्फेट घातलेल्या ठिकाणी काही प्रवाळ लांबीला जास्त वाढले आणि सांगाडा मात्र विरळ, ठिसूळ झाला. तुमच्या आकड्यांना अक्रोपोरा का रुसले असतील त्याचा थोडा माग तिथे लागतो.

---

निळाई | ११ जानेवारी, रात्री १०:४०

सर्वांचे किती आभार मानू! दोन दिवस नुसतं वाचत आणि करत होते.

कॉफीच्या गाळणीची चाचणी: पन्नास मिनिटांत बाटलीत पुन्हा धागे. लेकाच्या शाळेतला सूक्ष्मदर्शक घेऊन आम्ही दोघं रात्री जेवणाच्या टेबलावर बसलो. थेंबासारखे, टोकाशी बांधल्यासारखे गरगर फिरणारे. तोच आधी ओरडला, "आई, भोवरे!" ऑस्ट्रिऑप्सिसच आहे.

जीएफओ काढला. यूव्ही दिवा मागवलाय. हातमोजे घालून, चष्मा लावून धागे नळीने बारीक गाळणीत ओढले.

एक विचारायचं: रॉकचे दोन तुकडे फारच भरलेत. बाहेर काढून उकळत्या पाण्यात घालू का? एका व्हिडिओत तसं केलं होतं.

---

सूक्ष्मदर्शी | ११ जानेवारी, रात्री १०:५२

नाही! अजिबात नाही! तुमच्या रॉकवर झोआ आहेत. झोआ आणि त्यांचे भाऊबंद पॅलिथोआ यांच्यात पॅलिटॉक्सिन नावाचं अतिशय जहाल विष असू शकतं. उकळलं की वाफेतून घरभर होतं. अशा वाफेने कुटुंबंच्या कुटुंबं दवाखान्यात गेलेली आहेत. उकळायचं नाही, टाकीबाहेर घासायचं नाही. तुकडे आहेत तिथेच राहू देत, पाण्याखालीच नळीने ओढा. यूव्हीचं पाणी संपमधून न घेता थेट वरच्या टाकीतून घ्या आणि प्रवाह मंद ठेवा.

---

निळाई | ११ जानेवारी, रात्री १०:५८

बापरे. वेळेवर विचारलं. सूक्ष्मदर्शी, खूप खूप आभार. रॉकला हात लावत नाही.

---

खारंपाणी | १२ जानेवारी, सकाळी ७:३०

निळाई, तुमच्या गावात जुनी, निरोगी टाकी असलेला कुणी ओळखीचा असेल तर त्याच्या संपमधला मूठभर रॉकचा चुरा आणि थोडे कोपेपॉड (अगदी बारीक कवचधारी जीव) मागून घ्या. कोरड्या रॉकवर वस्तीच नसते, म्हणून डायनोला मोकळं रान मिळतं. दह्याला विरजण लागतं तसं हे. पावडरीबद्दल माझं मत तेच आहे, पण सलाईनवाली गोष्ट पटली. घाला.

---

द्राक्षबाग | ३० जानेवारी, पहाटे ५:४०

ताई, रॉकचं पोट भरलं का?

---

निळाई | ३० जानेवारी, रात्री ९:१५

अजून नाही दादा. रोज संध्याकाळी ०.०४ घालते, दुसऱ्या दिवशी ०.०१. एकोणीस दिवस झाले. नायट्रेट मात्र ६ वर येऊन टिकलंय. तुम्ही आधी सांगितलं नसतं तर मी नक्की दुप्पट केलं असतं. फ्रिजवर कागद लावलाय, तारीख, नायट्रेट, फॉस्फेट, अल्कलिनिटी. धागे अर्ध्याने कमी आहेत.

---

निळाई | ८ मार्च, रात्री १०:२०

दोन महिने झाले, म्हणून सविस्तर.

फेब्रुवारीच्या ४ तारखेला घातलेलं फॉस्फेट पहिल्यांदा दुसऱ्या दिवशीही टिकलं. त्या दिवसापासून डोस निम्मा केला आणि १८ तारखेला पूर्ण थांबवला. आता बाटलीतून काहीच जात नाही. नायट्रेट ८, फॉस्फेट ०.०६, अल्कलिनिटी ७.८. खाणं दिवसातून तीनदा. टँगच्या पाठीवरचं हाड दिसत होतं ते भरून आलंय. आधी तिकडे माझं लक्षच गेलं नव्हतं, नुसती आकड्यांकडे बघत होते, याचं फार वाईट वाटतं.

यूव्हीने पंधरा दिवसांत पाणी स्वच्छ केलं. वाळूवर आता साधा हिरवट थर येतो, आणि रॉकवर पहिल्यांदाच गुलाबी कोरलाइन शेवाळाचे ठिपके दिसताहेत. इथल्याच एका काकांनी जुन्या संपमधला चुरा डब्यात भरून दिला. एक अक्रोपोरा गेला. दुसऱ्याची टोकं भरून आली. मोंटिपोरा पुन्हा केशरी होतोय, कडेने पांढरी रेघ आहे, म्हणजे वाढतोय. गोगलगाय, तुमची पाचवी बहीण ठणठणीत आहे!

काच दोन दिवसांनी पुसावी लागते. पूर्वी ह्याच हिरव्या थराचा राग यायचा.

---

खारंपाणी | ९ मार्च, सकाळी ७:०५

अभिनंदन! पाणी बदल किती आणि कधी करता? आणि जीएफओ, व्होडका कायमचं बंद?

---

निळाई | ९ मार्च, रात्री ९:५०

पाणी बदल पंधरा दिवसांनी दहा टक्के. डायनो होते तोवर थांबवला होता. जीएफओ डब्यात आहे. फॉस्फेट सलग तीन वेळा ०.१२ च्या वर दिसलं तरच चमचाभर लावणार, असं फ्रिजच्या कागदावर लिहून ठेवलंय. व्होडका नाही.

---

मालवणी_मासो | ९ मार्च, रात्री १०:०२

वाचून बरां वाटलां. फोटो खंय आसा?

---

निळाई | ९ मार्च, रात्री १०:०८

उद्या टाकते दादा. आत्ता टाकीतले दिवे गेलेत, टँग त्याच्या कपारीत शिरलाय.